बसलेल्या अंगाचं माप

ब्लाउज शिवायला टाकताना किती मापं घेतली जातात, आठवून पाहा. उंची, छाती, कंबर, खांदा, बाहीची लांबी, दंडघेर, मुंढा, पुढचा गळा, मागचा गळा, टक्सची जागा. दहा झाली, आणि बाई चोखंदळ असेल तर अकरावंही निघतं. तीच बाई चड्डी घ्यायला दुकानात जाते तेव्हा इकडेतिकडे पाहून हळूच एक आकडा सांगते, "पंच्याण्णवची द्या." तो आकडा कमरेचा की सीटचा, हे तिला माहीत नसतं आणि बहुधा दुकानदारालाही नसतं. एका कंपनीची पंच्याण्णव दुसऱ्या कंपनीच्या नव्वदसारखी बसते. जो कपडा सगळ्यात आधी अंगावर चढतो आणि सगळ्यात शेवटी उतरतो, त्याचं माप आपण अंदाजावर सोडून दिलेलं आहे.

अलीकडे काही बायका चड्डी घरी शिवू लागल्या आहेत. शिलाई मशीन घरात असतंच, पेपर कटिंग मोबाइलवरून उतरवून छापता येतं. शिवणं फारसं अवघड नाही: तीन-चार तुकडे, कमरेला आणि दोन्ही पायांना इलॅस्टिक. अडतं ते कापायच्या आधी, कुठल्या साइझचं पेपर कटिंग घ्यायचं इथे. बहुतेकजणी दुकानात जो आकडा सांगतात तोच इथेही धरतात, आणि पहिली चड्डी फसली की आपल्याला शिवता येत नाही असं ठरवून मोकळ्या होतात. हात बिचारा निर्दोष असतो. चूक असते ती कोणाचं अंग, आणि कोणत्या अवस्थेतलं अंग, प्रमाण मानलं यात.

अंगाची अवस्था म्हणजे काय, हे कळायला विंचूरचं उदाहरण घेऊ. निफाड तालुक्यातलं, नाशिकहून छत्रपती संभाजीनगरला जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. इतिहासाच्या पुस्तकात ते विठ्ठल शिवदेव विंचूरकरांमुळे येतं. पानिपतावरून जिवंत परतलेल्या या सरदाराचं घराणं गावाच्याच नावाने ओळखलं गेलं. आजची ओळख कांद्याची आणि द्राक्षाची. लासलगाव बाजार समितीच्या इथल्या उपबाजारात कांद्याचे लिलाव होतात, आणि २००१ मध्ये राज्याचं वाइन धोरण आल्यावर एमआयडीसीने वाइन पार्कसाठी निवडलेल्या जागांत विंचूर होतं. या दोन्ही पिकांचं बारीक, वेळखाऊ काम बायकांच्या वाट्याला येतं. उन्हाळ कांद्याची रोपं डिसेंबर-जानेवारीत वाफ्यात लावायची ती वाकून किंवा उकिडवं बसून. मार्च-एप्रिलमध्ये उपटलेल्या कांद्याची पात विळ्याने कापताना तर उकिडवं बसूनच पुढे पुढे सरकायचं, सकाळपासून दुपारपर्यंत, मग पुन्हा संध्याकाळपर्यंत. द्राक्षाच्या घडातले मणी विरळ करताना याच्या उलट: मांडवाखाली उभं राहून हात वर, मान वर, पोट ताणलेलं.

साइझचा तक्ता यातलं काहीच पाहत नाही. तो बसवलेला असतो सरळ उभ्या, पाय जुळवलेल्या, श्वास सोडून थांबलेल्या अंगावर. उभं असताना सीट अडतीस इंच भरणारी बाई उकिडवी बसली की तिथेच इंच-दोन इंच वाढतात. त्याहून मोठा फरक मागच्या लांबीत पडतो. कमरेपासून खाली, दोन पायांमधून पुढे वर येणारं जे अंतर, शिंपी ज्याला आसन म्हणतात, त्याचा मागचा हिस्सा बसल्यावर ताणला जातो. कपड्यात तेवढी लांबी नसेल तर तो ती कुठून तरी ओढून घेतोच: कमरेचं इलॅस्टिक मागून खाली घसरतं, नाहीतर मधली पट्टी रुतते. मग कांद्याच्या सरीत बसलेली बाई दर थोड्या वेळाने उठून, आडोसा शोधून कपडा सारखा करते. तिच्या मते चड्डी लहान झालेली असते. पुढच्या वेळी ती मोठा आकडा सांगते, आणि आता कंबर ढिली, पाय ढिले, मागून घसरणं मात्र जवळपास तसंच. कारण मोठी साइझ सगळीकडे थोडं थोडं वाढवते. हिला वाढ हवी होती ती एकाच ठिकाणी.

साइझ ही गोष्ट आपल्याकडे तशी नवीच. विंचूरहून त्याच रस्त्याने पुढे गेलं की येवला लागतं. तिथे मागावर विणल्या जाणाऱ्या पैठणीला साइझ नसते. नऊवारी लुगडं सडपातळ नववधूलाही तेच आणि चार लेकरांच्या आईलाही तेच. फरक निऱ्यांत आणि काष्ट्यात जिरवायचा. काष्टा मारलेल्या बाईला उकिडवं बसताना काही रुतत नव्हतं, कारण कापड अंगाबरोबर सरकत होतं. जुन्या पिढीतल्या अनेक शेतकरी बायकांना शिवलेली चड्डी ठाऊकच नव्हती. पुरुषांचा लंगोटही तसाच, बांधायचा, मापाचा नव्हे. आणि शिवलेला कपडा आला तेव्हा पुरुषांच्या वाट्याला आली गावच्या शिंप्याने शिवलेली पट्ट्यापट्ट्यांची चड्डी: नाडीची, ऐसपैस आसनाची, बाजूला चंची मावेल असा खिसा असलेली. त्या चड्डीची आपण खूप टिंगल केली. पण मापाच्या दृष्टीने ती शहाणी होती. नाडी असल्यामुळे कंबर ज्याची त्याला आवळता येई, आणि आसन बसून उठायला पुरेल एवढं मोठं ठेवलेलं असे. पुरुषाच्या आतल्या कपड्यासाठी शिंपी होता. बाईच्या आतल्या कपड्यासाठी कोणीच नव्हतं. लुगड्याकडून ती थेट पाकिटातल्या आकड्याकडे ढकलली गेली.

तो आकडा आला कुठून? १८६३ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातला एबेनेझर बटरिक नावाचा शिंपी वेगवेगळ्या साइझचे कागदी नमुने विकू लागला. त्याआधी नमुना एकाच मापाचा असे आणि तो आपल्या अंगाला जुळवून घेण्याचं गणित शिवणाऱ्या बाईनेच करायचं असे. बटरिकने ते गणित आपल्याकडे घेतलं, आणि घरोघरच्या बायकांची मोठी सोय झाली हे खरंच आहे. पण गणित दुसऱ्याने करायचं तर त्याच्या हाताशी कोणाची तरी मापं हवीत. ती पद्धतशीरपणे गोळा करण्याचा पहिला मोठा खटाटोप तिथल्या कृषी खात्याने १९३९-४० मध्ये केला. रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांच्या देखरेखीखाली सुमारे पंधरा हजार बायकांची प्रत्येकी एकोणसाठ मापं घेतली गेली. कृषी खातं आणि बायकांची मापं हा जोड आपल्याला विचित्र वाटेल, पण घरगुती शिवण हा तिथे कृषी खात्याच्या गृहविज्ञान विभागाचा विषय होता. आपल्या कृषी खात्याने एवढं मनावर घेतलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता. मात्र हिशेबात धरल्या त्या फक्त गोऱ्या बायका. बाकीच्यांची मापं घेतली गेली तिथेही ती बाजूला ठेवली गेली. याच आकड्यांच्या आधारे १९५८ मध्ये बायकांच्या कपड्यांची प्रमाण मापं जाहीर झाली, आणि प्रत्यक्षातल्या अंगांशी ती जुळेनात म्हणून १९८३ मध्ये मागेही घेतली गेली.

त्याच १९५८ साली ड्यूपाँ कंपनीत जोसेफ शिव्हर्स या रसायनतज्ज्ञाने स्पँडेक्सचा धागा तयार केला. एकीकडे मापाचं प्रमाणपत्र, दुसरीकडे मापाची गरजच झाकून टाकणारा धागा, दोन्ही एकाच वर्षी. पुढे दुसऱ्याने पहिल्यावर मात केली. कापड ताणलं जातं म्हटल्यावर कारखान्याला साइझ कमी काढल्या तरी चालू लागलं, आणि 'फ्री साइझ' नावाची थट्टा दुकानात आली. ताणणारी चड्डी कोणालाही चढते, यात शंका नाही. पण चढणं आणि बसणं यात जो फरक आहे तो जांघेत उमटलेल्या लाल रेघांवरून कळतो. त्यात उन्हाळा, घाम आणि सिंथेटिक कापड मिळालं की खाज आणि गजकर्ण. कातडीचे डॉक्टर सैल, सुती कपडे घाला असं सांगतात ते उगीच नव्हे.

आपल्याकडेही मापं गोळा करण्याचं काम हाती घेतलं गेलं. 'इंडिया साइझ' या नावाने नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ फॅशन टेक्नॉलॉजीने पंधरा ते पासष्ट वयाच्या पंचवीस हजार स्त्री-पुरुषांची मापं थ्रीडी स्कॅनरने घ्यायची असं २०१८ मध्ये जाहीर झालं. शहरं सहा: दिल्ली, मुंबई, कोलकाता, हैदराबाद, बेंगळुरू, शिलाँग. योजना चांगलीच आहे, परदेशी तक्त्यांपेक्षा तर नक्कीच. तरी मुंबईतल्या स्कॅनरसमोर ताठ उभी असलेली बाई आणि विंचूरच्या वाफ्यात उकिडवी बसलेली बाई यांच्यातलं अंतर त्याने मिटत नाही. स्कॅनर कितीही बारीक असो, तो पकडतो उभ्या माणसाला.

म्हणून घरी शिवणारीने तक्त्याला गुरू मानू नये, वाटाड्या मानावं. पेपर कटिंग निवडायचं ते सीटच्या मापावर, कमरेच्या कधीच नाही. समजा कंबर बत्तीस आणि सीट बेचाळीस. तक्त्यात कमरेने पाहिलं तर मधली साइझ येईल, सीटने पाहिलं तर दोन घरं पुढची. पुढचीच घ्यायची. कंबर इलॅस्टिकने आत घेता येते. सीटला कमी पडलेलं कापड कुठूनही आणता येत नाही. दोन्हींत फार तफावत असेल तर सीटच्या रेषेला मोठी साइझ धरून कमरेकडे जाताना बाजूची रेघ हळूहळू लहान साइझला मिळवायची. माप घ्यायचं ते सीटच्या सगळ्यात रुंद भागावर, टेप जमिनीला समांतर ठेवून, परकरावरून नव्हे. साडी, परकर आणि त्याच्या नाडीची गाठ यांवरून घेतलेलं माप हे त्या तिघांचं असतं.

मग दुसरं माप, जे तक्त्यात बहुधा नसतंच. कमरेला, जिथे इलॅस्टिक हवं तिथे एक नाडी बांधायची. टेप पुढून, नाडीच्या मध्यापासून पायांमधून मागे नाडीपर्यंत न्यायची: हे उभ्याचं आसन. आता उकिडवं बसून तेच पुन्हा. एकटीला जमत नसेल तर सुतळी घ्यायची आणि नंतर टेपवर मोजायची. दोन आकड्यांत जो फरक पडेल, त्यातला थोडा कापडाच्या ताणात जातो. उरलेला मागच्या तुकड्याला द्यायचा, तोही मध्यावर: मागच्या कमरेची रेघ मध्यभागी तेवढी वर उचलायची आणि बाजूच्या शिलाईपर्यंत येता येता मूळ रेघेला मिळवायची. पुढच्या तुकड्याला हात लावायचा नाही, नाहीतर पोटाखाली चुण्या पडतात. एवढ्या एका बदलाने जे साधतं ते तीन साइझ वाढवूनही साधत नाही.

कापड काय आहे यावरही साइझ ठरते, आणि इथे नव्या शिवणाऱ्या हमखास फसतात. होजिअरीचा, म्हणजे बनियनच्या कापडाचा, चार इंचाचा तुकडा घडी घालून टेपवर आडवा ताणायचा. सहज पाच इंचांपर्यंत गेला तर ताण पंचवीस टक्के. पेपर कटिंगवर जेवढा ताण गृहीत धरलेला असतो त्याहून कापड कमी ताणत असेल तर एक साइझ पुढची घ्यायची. पण होजिअरीचं पेपर कटिंग पॉपलिनवर ठेवून दोन साइझ वाढवल्या की झालं, असं होत नाही. न ताणणाऱ्या कापडाला सीटवर दोन-तीन इंच ढिलाई असलेला वेगळाच नमुना लागतो. कापड कापण्याआधी भिजवून वाळवून घ्यायचं, कारण सुती होजिअरी पहिल्या धुण्यात आटते, आणि उभ्या दिशेने जास्त आटते, म्हणजे नेमकी आसनात. घरातले जुने सुती टी-शर्ट यासाठी उत्तम, ते आटून झालेले असतात. निवडणुकीत फुकट मिळालेले मात्र बाजूला ठेवा. ते बहुधा पॉलिएस्टरचे असतात.

इलॅस्टिकवर फार बोलायला नको. पायाचा घेर चोवीस इंच असेल तर एकवीस-बावीस इंच इलॅस्टिक पुरतं. वळ उठतो तेव्हा बहुतेक वेळा साइझ बरोबर असते, इलॅस्टिक आखूड असतं.

एक पळवाट सगळ्यांना सुचते: चांगली बसणारी जुनी चड्डी उसवून तिच्यावरून नमुना काढायचा. शिंप्याकडे 'मापाचा ब्लाउज' देण्याची आपली रीत हीच. अंग दारात नेण्यापेक्षा कपडा पाठवणं सोयीचं, विशेषतः शिंपी पुरुष असेल तर, आणि त्यामागचा संकोच मी हसण्यावारी नेणार नाही. पण मापाच्या ब्लाउजाचं काय होतं ते आपण पाहिलेलं आहे: बाई बदलते, ब्लाउज बदलत नाही, आणि पहिल्या शिंप्याने केलेली चूक पंधरा वर्षं नवनव्या कापडांवर शिवली जाते. जुन्या चड्डीचं तर कापडही सैल पडलेलं असतं. तिच्यावरून काढलेला नमुना हा थकलेल्या कपड्याचा नमुना.

संकोचाची खरी अडचण दुसरीकडे आहे. सीटच्या मापाने साइझ धरली की अनेकींचा आकडा दुकानातल्या आकड्यापेक्षा मोठा येतो, आणि तो कागदावर लिहायला हात कचरतो. ब्लाउजच्या छातीचा आकडा मोठा आला तर तो शिंप्याच्या वहीत असतो. हा मात्र आपण स्वतः, आपल्या हाताने लिहायचा. बाजाराने मोठ्या आकड्याला लाजायला आपल्याला चांगलंच शिकवलं आहे. घरी शिवण्याचा फायदा इथेच आहे. कपड्याला साइझचं लेबल लावायची गरज नाही, आणि लेबल नसलेल्या कपड्याला मोठा-छोटा म्हणायला कोणी येत नाही.

आक्षेप आहेत, आणि सगळ्यात वजनदार आक्षेप वेळेचा. शंभरेक रुपयांत बाजारात मिळणारी वस्तू दिवसभर कांद्यात राबलेल्या बाईने रात्री मशीनवर बसून का शिवावी? प्रत्येकीने शिवावी असं मी म्हणणारही नाही. जिला बाजारातली नीट बसते तिने खुशाल विकत घ्यावी. पण जिला कुठलाच आकडा बसत नाही, बाळंतपणानंतर जिचं पोट आणि सीट दोन वेगळ्या साइझमध्ये गेलं आहे, शस्त्रक्रियेच्या टाक्यांवर जिला इलॅस्टिक सहन होत नाही, ज्या म्हातारीला पॅड लावावा लागतो, वाढत्या वयाची जी मुलगी दर सहा महिन्यांनी वेगळी दिसते, तिच्यासाठी दुसरा रस्ता दुकानात नाही. तिच्यासाठी गावात निदान एक तरी बाई अशी हवी जिला हे माप घेता येतं. आज ती नाही, कारण गावोगावच्या शिवणक्लासमध्ये झबलं-टोपडं, फ्रॉक, परकर, ब्लाउज, पंजाबी ड्रेस असा क्रम बहुधा ठरलेला असतो आणि हा कपडा त्यात क्वचितच येतो. खरं तर पहिल्या महिन्यात शिकवावा असा तो आहे. कापड कमी लागतं, इलॅस्टिकवर हात बसतो, आणि ब्लाउजमधली चूक चारचौघांत दिसते तशी हिच्यातली दिसत नाही.

विंचूर-लासलगाव पट्ट्यातल्या एखाद्या क्लासने यापुढची पायरी गाठावी असं मला वाटतं. शिकायला येणाऱ्या बायकांची चार मापं एका वहीत लिहून ठेवायची: उभ्याची सीट, बसल्याची सीट, दोन्ही अवस्थांतलं आसन. नाव लिहायचं नाही, फक्त वय आणि रोजचं काम: कांदा, द्राक्ष, दुकान, शाळा, घर. माप बाईनेच घ्यायचं, आणि खोलीच्या दाराला आतून कडी हवी. वर्षभरात त्या वहीतून या भागाचा स्वतःचा तक्ता उभा राहील, आणि त्यावरून काढलेलं पेपर कटिंग मुंबईच्या किंवा मॅसॅच्युसेट्सच्या कागदापेक्षा इथल्या अंगांच्या जवळचं असेल. कांद्यात बसणाऱ्या बायकांना मागे जास्त लांबी लागेल आणि द्राक्षात उभ्या राहणाऱ्यांना पुढे, असा माझा अंदाज आहे. तो चुकीचा निघाला तर तेही वहीतच दिसेल.